पालथा कागद

परळला, मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत,
जिन्याखाली जेवढी जागा उरते
तेवढ्यात केणींचं झेरॉक्सचं दुकान.
मशीन त्यांचं, स्टूल माझं.
एका प्रतीचे दोन रुपये, पाठपोट तीन.

लोक कागद पालथा देतात.
काचेवर तो पालथाच ठेवायचा असतो,
पण ते रस्त्यापासूनच पालथा धरून आणतात,
छातीशी, लहान मुलाचं तोंड उन्हातून फिरवावं तसा.
मी वाचत नाही.
म्हणजे वाचते. बसची पाटी वाचतो तसं,
त्या बसने जायचं नसलं तरी.

एक जण नावावर बोट धरून उभा राहिला,
म्हणाला, एवढं सोडून काढा.
एकीने तारखेवर पोस्टाचं तिकीट ठेवलं.
मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली,
"त्या दिवशी मी माहेरी होते. घरी तसंच माहीत आहे."
आणि फलटणचे, मालवणचे, कुठकुठले म्हातारे
सुटे शोधता शोधता सगळं सांगून टाकतात:
गाठ कुठे आहे, मुलगा काय म्हणाला,
सून काय म्हणाली नाही.
सांगणारा माणूस ऐकणाऱ्याचं तोंड बघत नाही.
ऐकणाऱ्याच्या घराचा रस्ता बघतो,
तो आपल्या दारावरून जातो का, एवढंच.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी रोहिदास भावोजी आले,
माझ्या नणंदेचे यजमान.
मी इथे बसते हे त्यांना ठाऊक नव्हतं.
कुणालाच नव्हतं. नातेवाइकांत मी ऑफिसात आहे.
त्यांच्या काखेत निळी फाइल.
त्या निळ्या फाइली मी ओळखते,
कोपऱ्यावरचा पानवालाच विकतो.
क्षणभर दोघंही पकडले गेलो.
"एक कोरा कागद दे," ते म्हणाले.
दिला. रुपया नको म्हटलं.
"घे, घे," म्हणत त्यांनी तो काचेवर ठेवला
आणि कोऱ्या कागदाच्या चार घड्या घालून
वरच्या खिशात टाकला, जपून,
जणू त्याच्यावर काही लिहिलं होतं.

पुढे उरणला, भाच्याच्या हळदीला
ते बँजोसमोर नाचले.
वाळलात म्हणणाऱ्यांना म्हणाले, चालतो रोज,
वडाळा ते शिवडी.
मला म्हणाले, "ऑफिस काय म्हणतंय, वहिनी?"
म्हटलं, "चाललंय."

परवा नणंद आली.
सरळ जिन्याखाली वाकून, पत्ता पाठ असल्यासारखी.
तू इथे कशी, हे तिने विचारलंच नाही.
पदराखालून कागद काढला. पालथा.
"दोन काढ. पाचच्या आत फाइलीत परत ठेवायचाय.
दुसऱ्या डॉक्टरला दाखवते.
आणि मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नकोस.
माझ्यासाठी गप्प बसलेत बिचारे.
तेवढं एक तरी त्यांना जमू दे."

काचेखालून हिरवा उजेड सरकला, दोनदा.
मी आधी मूळ कागद तिच्या हातात दिला,
निम्मे लोक तोच इथे विसरतात.
गरम प्रती तिने पोटाशी धरल्या
आणि जरा वेळ तशीच उभी राहिली.
मागे रांग होती. रांग काही बोलली नाही.
मग तिने चार रुपये मोजले.
"राहू दे गं, अक्का."
"नाही, घे. मी दुकानात आलेय, तुझ्याकडे नाही."

ते पैसे मी गल्ल्यात टाकले नाहीत.
पिनांच्या डबीत ठेवले,
तिथे भावोजींचा रुपया आहे.

रात्री केणी मशीनचा आकडा वहीशी ताडून बघतात.
"दोन जास्त आहेत."
"काळ्या आल्या," म्हटलं, "फेकल्या."
त्यांनी टोपलीत पाहिलं. टोपली रिकामी होती.
माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा पुसत बसले.
"टोनर बघायला हवा उद्या," म्हणाले,
आणि शटरचा आकडा शोधू लागले.